डावपेचांचे अर्थशास्त्र : विहीर, ऊस आणि सभासद

चैत्र लागला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच घडतात. विहिरी तळाला जातात आणि व्याख्यानमाला सुरू होतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तो गावोगाव पोचला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतील सायंकाळी चार शहाण्या गोष्टी ऐकण्याची सवय महाराष्ट्राला लागली. त्याच सायंकाळी सभामंडपातून घरी परतताना नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कानी आणखी एक आवाज पडतो. तो बोअर घेणाऱ्या यंत्राच्या घरघरीचा. हे यंत्र पुष्कळदा रात्रीच चालते. ज्याच्या शेतात ते चालते त्याला आशेने झोप येत नाही, आणि ज्याच्या बांधापलीकडे ते चालते त्याला धास्तीने झोप येत नाही.

विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात एक प्रकरण असते. मक्तेदारी संपली आणि अल्पाधिकार आला की ते सुरू होते. डावपेचांचे निर्णय किंवा खेळांचा सिद्धांत अशा नावाने ते शिकविले जाते. विद्यार्थी त्यातील चौकटी पाठ करतात, परीक्षेत काढून दाखवितात आणि विसरतात. आम्हांस हे प्रकरण शिकविताना नेहमी एक चुटपुट लागते. ज्या विद्यार्थ्याला ही चौकट परकी वाटते, तो आदल्या रात्री त्याच चौकटीत जागत पडलेला असतो, कारण पलीकडचे बोअरचे यंत्र त्याच्याच शेजाऱ्याच्या शेतात चाललेले असते. तेव्हा आज या विषयाची ओळख करून देताना आम्ही परदेशी कंपन्यांची उदाहरणे मागे ठेवणार आहोत आणि आपल्या जिल्ह्यातील कांदा, विहीर व ऊस ही तीनच उदाहरणे पुढे घेणार आहोत.

डावपेच केव्हा सुरू होतो

पहिली गोष्ट अशी की, प्रत्येक आर्थिक निर्णय हा डावपेचाचा निर्णय नव्हे. कांद्याचे पाहा. नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या बाजारात कांदा घेऊन येणारा शेतकरी त्या दिवशीचा भाव आहे तसा पत्करतो. त्याने दहा गोण्या कमी आणल्या म्हणून भाव चढत नाही, दहा जास्त आणल्या म्हणून उतरत नाही. बाजार हा काही त्याचा शेजारी नव्हे. तो त्याच्याकडे बघून वागत नाही. अशा शेतकऱ्यापुढे प्रश्न एवढाच असतो की, पुढे भाव काय राहील याचा अंदाज बांधावा आणि त्याप्रमाणे लागवड करावी.

हा अंदाज बांधण्यात तो चुकतो, आणि सगळे मिळून चुकतात. गेल्या वर्षी भाव चांगला होता म्हणून यंदा सारेच कांदा लावतात, म्हणून यंदा भाव पडतो. यंदा पडला म्हणून पुढल्या वर्षी सारे हात आखडतात, म्हणून तेव्हा चढतो. कॅल्डॉर या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले, कारण कागदावर त्याची आकृती तशीच उमटते. ही हानी मोठी आहे, परंतु ती अंदाजाच्या चुकीची हानी आहे. तीत कोणी कोणाला शह दिलेला नाही.

डावपेच सुरू होतो तो माणसे थोडी असतात तेव्हा. माझे हित तुझ्या निर्णयावर अवलंबून, तुझे माझ्या निर्णयावर, आणि हे तुलाही ठाऊक व मलाही ठाऊक, अशी अवस्था आली की साधा हिशेब पुरत नाही. तेथे ‘मी काय करावे’ या प्रश्नाच्या पोटात ‘मी काय करीन असे तो समजतो’ हा दुसरा प्रश्न बसलेला असतो. कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ साली याचे पहिले शास्त्रशुद्ध उदाहरण मांडले. दोन माणसांच्या मालकीचे दोन खनिजजलाचे झरे आहेत. प्रत्येकाने किती पाणी विकावे हे दुसरा किती विकतो यावर ठरते. या शास्त्राचे पहिले उदाहरण पाण्याचे असावे, ही आम्हा नगरकरांच्या दृष्टीने मोठी सूचक गोष्ट आहे.

कूर्नोच्या या विचाराकडे पुढे बरीच वर्षे फारसे कोणी वळले नाही. १९४४ साली फॉन नॉयमन हा गणितज्ञ आणि मॉर्गनस्टर्न हा अर्थशास्त्रज्ञ या दोघांनी खेळांच्या सिद्धांताचा जाडजूड ग्रंथ काढला. १९५० साली जॉन नॅश या तरुणाने त्यात एक साधी पण सर्वत्र लागू पडणारी कल्पना घातली. इतर सर्वांचे निर्णय आहेत तसे राहिले, तर एकट्याने आपला निर्णय बदलून ज्यात कोणाचाच फायदा होत नाही, अशा स्थितीला त्याने समतोल म्हटले. नॅशला १९९४ साली हार्सान्यी व झेल्टेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक इशारा देऊन ठेवला पाहिजे. समतोल म्हणजे चांगली स्थिती नव्हे. समतोल म्हणजे जेथून एकट्याला हलता येत नाही ती स्थिती. खड्ड्यात पडलेली गाडीही समतोलातच असते.

दोन बांधांचा हिशेब

आता विहिरीकडे वळू. नगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. खाली काळा पाषाण. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि दगडाच्या फटींत. साठा मुळातच बेताचा, आणि एकाची फट दुसऱ्याच्या फटीला मिळालेली. जमिनीला सातबारा आहे, पाण्याला नाही. मात्र ज्याची जमीन तोच खालच्या पाण्याचा धनी, अशी आपल्याकडची जुनी कायदेशीर समजूत आहे.

समजा, एका पाझराच्या दोन बाजूंना दोन शेतकरी आहेत. एकाला उगवतीचा म्हणू, दुसऱ्याला मावळतीचा. प्रत्येकापुढे दोन वाटा आहेत. आहे त्या विहिरीवर भागवून कमी पाण्याची पिके घ्यावी, किंवा खोल बोअर घेऊन जास्त पाणी ओढावे. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत. दोघांनीही संयम ठेवला तर प्रत्येकाला वर्षाकाठी ६० हजार रुपये सुटतात. एकट्यानेच खोल बोअर घेतला तर त्याला ८० हजार मिळतात आणि ज्याची विहीर आटते त्याच्या हाती २० हजार उरतात. दोघांनीही बोअर घेतले तर पाणी तेवढेच, खर्च दुप्पट, आणि प्रत्येकाला ३५ हजारांवर समाधान मानावे लागते.

आता उगवतीच्याच्या मनात शिरून पाहा. तो म्हणतो, ‘मावळतीच्याने संयम ठेवला, तर मला बोअर घेऊन ८० मिळतील, न घेता ६०. तेव्हा घ्यावा. त्याने बोअर घेतला, तर मला घेऊन ३५, न घेता २०. तेव्हाही घ्यावा.’ म्हणजे पलीकडच्याने काहीही केले तरी बोअर घेणे हाच त्याचा वरचढ डाव ठरतो. मावळतीचाही अगदी हेच बोलतो. परिणामी दोघेही बोअर घेतात आणि ज्यांना साठ-साठ हजार मिळू शकले असते ते पस्तीस-पस्तीस हजार घेऊन बसतात. दोघांपैकी एकही मूर्ख नाही. एकही दुष्ट नाही. प्रत्येकाने शहाणपणाने वागून दोघांनी मिळून नुकसान करून घेतले आहे.

पाठ्यपुस्तकात यालाच कैद्यांचा पेच म्हणतात. १९५० साली फ्लड व ड्रेशर या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी हा खेळ रचला आणि टकर या गणिताच्या प्राध्यापकाने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. आम्हांस वाटते, नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला कैद्यांपर्यंत जाण्याचे कारण नाही.

आपल्या म्हणींनाही ही गोष्ट ठाऊक आहे. ‘तूही राणी, मीही राणी, कोण भरील पाणी?’ या म्हणीत सार्वजनिक कामाचा सारा पेच आला. बिरबलाच्या गोष्टीत सर्वांनी रात्री हौदात एकेक घडा दूध ओतायचे असते, आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघतो. प्रत्येकाने मनाशी म्हटलेले असते की, एवढ्या दुधात माझे एक घडाभर पाणी कोणाला कळणार आहे! गोष्ट सांगणारे येथे लोकांच्या लबाडीवर बोट ठेवतात. अर्थशास्त्र जरा निराळा प्रश्न विचारते. दूध ओतणाऱ्याला आपले दूध वाया जाणार नाही, ही खात्री कोणी दिली होती?

उद्याची किंमत

या पेचातून सुटका कशी? पहिली वाट काळातून जाते. वरचा हिशेब एका वर्षाचा होता. शेजारी मात्र एका वर्षाचे नसतात. समजा, दोघांचा असा समज झाला की, तू संयम ठेवशील तोवर मीही ठेवीन, ज्या दिवशी तू बोअर घेशील त्या दिवसापासून मीही घेईन. आता बोअर घेणाऱ्याला पहिल्या वर्षी २० हजारांचा जास्तीचा लाभ होतो, पण पुढे दरवर्षी ६० च्या जागी ३५, म्हणजे २५ हजारांचा तोटा होतो. पुढल्या वर्षीच्या रुपयाची किंमत तो आज ४५ पैसे जरी धरीत असला, तरी त्याला संयमच परवडतो. गणित करून पाहावे. सीमा नेमकी रुपयाच्या चार-नवमांशावर येते.

या एका आकड्यात पुष्कळ समाजशास्त्र भरलेले आहे. ज्याच्या पेढीत चार पैसे आहेत त्याला पुढल्या वर्षीचा रुपया नव्वद पैशांचा वाटतो. ज्याच्या दारी सावकार उभा आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे, पीक वाळते आहे, त्याला पुढल्या वर्षीच्या रुपयाची किंमत आज चार आणेही वाटत नाही. त्याने शेजाऱ्याचे पाणी ओढले तर तो स्वभावाने आप्पलपोटा आहे असे म्हणण्यापूर्वी, त्याचा उद्या कोणी स्वस्त केला, हे विचारले पाहिजे. सहकाराचा उपदेश रिकाम्या पोटी का रुजत नाही, याचे उत्तर या गणितात आहे.

दुसरी वाट नियमातून जाते. आम्ही वर्गात कधी कधी एक खेळ खेळवितो. प्रत्येक विद्यार्थ्याला कागदी दहा रुपये देतो. त्यातले हवे तितके त्याने समाईक पेटीत टाकावे. पेटीतील रक्कम दुप्पट करून सर्वांत सारखी वाटली जाते. पहिल्या फेरीत मुले बऱ्यापैकी पैसे टाकतात. चार-पाच फेऱ्यांत पेटी रोडावते, कारण न टाकणाऱ्यालाही वाटा मिळतो हे लक्षात येते आणि टाकणारा चिडून हात आखडतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच अनुभव आला आहे. फेर व गेख्टर या अभ्यासकांनी २००० साली आणखी एक गोष्ट दाखविली. न टाकणाऱ्यावर दंड बसविण्याची मुभा दिली, आणि दंड बसविणाऱ्याला त्यासाठी स्वतःच्या खिशाला चाट लावावी लागत असली, तरी लोक दंड बसवितात आणि पेटी पुन्हा भरू लागते. माणूस निव्वळ हिशेबी नाही. अन्यायाची चीड हीदेखील त्याच्या हिशेबातील एक रक्कम आहे.

हिवरे बाजारने काय केले

हे सारे प्रयोगशाळेतले राहिले असते, तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पावसाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यातील इतर कोरड्या गावांसारखेच होते. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार हे तेथे सरपंच झाले. त्याआधी पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ पासून पाणलोटाचे काम उभे केले होते आणि त्याचा धडा जवळच होता. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरावर समतल चर निघाले, बंधारे झाले, पाणी मुरले. पवार यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, हे सर्वांस ठाऊक आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट त्यापुढची आहे. पाणी अडविणे कठीण असते, पण अडविलेले पाणी राखणे त्याहून कठीण. विहिरी भरल्या की बोअरचा मोह वाढतो. आधी तळ दिसत होता म्हणून भीती होती, आता पाणी दिसते म्हणून हाव. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस व केळी यांसारखी तहानलेली पिके वर्ज्य केली, आणि पावसाळा संपल्यावर पाण्याचा जमाखर्च मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती झाला ते मोजावयाचे. पिण्यासाठी व जनावरांसाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढावयाचे. उरल्या पाण्यात रब्बीची कोणती पिके किती घ्यावी ते ग्रामसभेत ठरवावयाचे. पाऊस कमी तर पाणी पिणारी पिके कमी.

या जमाखर्चाने आमच्या उगवतीच्या व मावळतीच्या शेतकऱ्यांसाठी काय केले, ते पाहा. पहिले, साठा किती हे सर्वांना एकदमच कळले, म्हणजे ‘पलीकडच्याला काही निराळेच ठाऊक असेल’ ही शंका मिटली. दुसरे, नियम पेरणीच्या आधी ठरला. पीक उभे राहिल्यावर पाणी तोडणे क्रूरपणाचे असते आणि म्हणून ते कोणी करीत नाही. तिसरे, चोरी लपेनाशी झाली. जमिनीखालून किती पाणी ओढले ते दिसत नाही, परंतु ऊस उभा आहे की ज्वारी, हे बांधावरून जाणाऱ्या पोरालाही दिसते. पाण्याऐवजी पिकावर नियम बसविणे ही या व्यवस्थेतील मोठी शहाणीव होय. चौथे, दरवर्षी तीच माणसे त्याच सभेत बसणार, हे नक्की झाले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने १९९० साली समाईक साधनांवर एक ग्रंथ लिहिला. हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादिले होते की, समाईक कुरण हे उजाड व्हावयाचेच, त्याला सरकारी अंमल किंवा खाजगी मालकी हाच उपाय. ऑस्ट्रॉम यांनी स्पेनमधील कालवे, स्वित्झर्लंडमधील कुरणे, फिलिपाइन्समधील पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले की, लोक स्वतः नियम करून शतकानुशतके समाईक साधने राखू शकतात. मात्र नियम स्थानिक असावे लागतात, ते करण्यात पाळणाऱ्यांचा हात असावा लागतो, देखरेख करणारा त्यांच्यातलाच असावा लागतो आणि शिक्षा पायरीपायरीने वाढणारी असावी लागते. आपल्या शेजारच्या नाशिक-धुळ्याकडील फड पद्धतीत पाटकरी नेमून हेच केले जात असे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हिवरे बाजार हे लहान गाव आहे, त्याला समर्थ नेतृत्व लाभले आणि सरकारी योजनांची मदतही मिळाली. जेथे गाव मोठे, जमिनी परगावच्या मालकांच्या, आणि पुढल्या सभेला कोण असेल याचा भरवसा नाही, तेथे हा समतोल आपोआप साधत नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ साली झाला. त्यात ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहे. पण रात्री चालणारे यंत्र थांबविण्यास कायद्याचा कागद पुरत नाही. त्याला शेजाऱ्यांची संमती लागते. कायदा हा खेळाचा नियम लिहितो, तो पाळला जाईल असा समतोल गावालाच घडवावा लागतो.

ऊस आणि अडवणूक

आता तिसरे उदाहरण. ऊस लावणारा शेतकरी लावणीपूर्वी स्वतंत्र असतो. ज्वारी, गहू, कापूस, ऊस, काहीही त्याला लावता येते. ऊस लावल्यावर तो स्वतंत्र राहत नाही. सुरू ऊस बारा महिन्यांचा, आडसाली दीड वर्षापर्यंतचा. तोडल्यावर तो लवकर गाळला नाही तर साखर उतरते, वजन घटते. तो दूरही नेता येत नाही. तेव्हा तोडणीच्या वेळी कारखानदार म्हणाला की, ‘ठरलेला भाव देणार नाही, एवढाच देईन’, तर शेतकरी काय करणार? गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. खरे तर अक्कल असते, पर्याय नसतो. आणि ही अडवणूक होणार हे शहाण्या शेतकऱ्याला आधीच कळत असल्याने तो ऊस लावीतच नाही, किंवा बेताने लावतो. उलट कारखानदारालाही धास्ती असते की, एवढे भांडवल घालून यंत्रे उभी केली आणि शेतकऱ्यांनी ऊस गुऱ्हाळाकडे नेला तर काय! दोघांच्या भयापायी दोघांचेही नुकसान.

ऑलिव्हर विल्यमसन यांनी या अडवणुकीच्या प्रश्नावर आयुष्यभर काम केले. जेथे एकदा घातलेला पैसा दुसरीकडे नेता येत नाही तेथे बाजारापेक्षा एकाच संस्थेचे छप्पर उपयोगी पडते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. २००९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि ऑस्ट्रॉम यांना विभागून मिळाले. एकीच्या विचाराने विहीर समजते, दुसऱ्याच्या विचाराने साखर कारखाना. त्या वर्षीचे पारितोषिक जणू नगर जिल्ह्यालाच उद्देशून होते, असे आम्ही वर्गात थट्टेने म्हणतो.

थट्टा सोडली तरी गोष्ट खरी आहे, कारण आपल्या जिल्ह्याने हे उत्तर विल्यमसन यांच्या फार पूर्वी शोधले होते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस पसरला. खाजगी साखर कंपन्या आल्या. शेतकरी गूळ करी आणि गुळाचा भाव कोसळला की कर्जात बुडे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमविले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केले. ज्याचा ऊस त्याचाच चरक झाला, तेव्हा अडवायचे कोणी आणि कोणाला? सभासदाने ऊस आपल्याच कारखान्यास द्यावयाचा, कारखान्याने सभासदाचा ऊस घ्यावयाचाच, या दुहेरी बांधिलकीने दोघांचीही धास्ती एकदम मिटली.

छपराखालचा खेळ

पण डावपेच असा हद्दपार होत नसतो. दारातून घालवला तर तो घरात येऊन बसतो. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी व देबराज रे या चौघा अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली महाराष्ट्रातील साखर सहकारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी १९७१ ते १९९३ या काळातील जवळजवळ शंभर सहकारी कारखान्यांची माहिती तपासली. यांतील बॅनर्जी हे मुंबईत जन्मलेले. त्यांना २०१९ साली नोबेल मिळाले, ते अर्थात अन्य कामासाठी. या निबंधातील युक्तिवाद अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचण्याजोगा आहे. तो थोडक्यात असा.

कारखान्यात लहान सभासद असतात, मोठेही असतात. प्रत्येकाच्या उसाला टनामागे भाव सारखाच. तेव्हा मोठ्या बागायतदाराच्या हाती कारभार असला, तरी तो स्वतःच्या उसाला जास्त भाव लावून घेऊ शकत नाही. मग त्याला जास्तीचा लाभ कसा मिळावा? तो असा की, सर्वांनाच भाव थोडा कमी द्यावा आणि जो पैसा मागे राहील त्याचा विनियोग आपल्या हाती ठेवावा. कमी भावाने त्याचेही नुकसान होते, परंतु राखीव पैशावरील ताब्याने ते भरून निघते. लहान सभासदाचे नुकसान भरून निघत नाही. कारखान्यातील बहुतेक ऊस मोठ्यांचाच असेल, तर भाव पाडणे त्यांना परवडत नाही. लहानांचा वाटा वाढू लागला की मोह वाढतो. आणि लहान सभासद फारच मोठ्या संख्येने असले, तर मतांच्या जोरावर भाव पुन्हा सावरतो. जमिनीची विषमता जेथे अधिक तेथे उसाला भाव कमी आणि कारखान्याची गाळपशक्तीही कमी, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

यात एखाद्या कारखान्यावर किंवा व्यक्तीवर ठपका नाही. खेळाची मांडणी अशी असली की डाव कसे पडतात, एवढेच येथे सांगितले आहे. शिवाय यात एक मोठा पेच आहे, आणि तो आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. टनामागे कापलेल्या पैशांतूनच साखरपट्ट्यात पुष्कळ शाळा, महाविद्यालये व रुग्णालये उभी राहिली. ज्या बाकावर बसून विद्यार्थी हा निबंध वाचतो, तो बाकही कदाचित त्याच्या आजोबांच्या उसाच्या कपातीतून आलेला असतो. ती कपात म्हणजे लहान सभासदाचा गमावलेला भाव, की नातवाच्या शिक्षणाची ठेव? दोन्ही असू शकते. निवाडा एकाच गोष्टीवर होतो. कपात किती, कशासाठी आणि हिशेब काय, हे विचारण्याची सोय आजोबांना वार्षिक सभेत होती की नव्हती.

विद्यार्थ्याने काय न्यावे

तेव्हा या प्रकरणाच्या अभ्यासातून विद्यार्थ्याने काय न्यावे? चौकट काढता यावी, हे झालेच. पण त्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लागावी. येथे निर्णय कोणाकोणाच्या हाती आहे? प्रत्येकाला दुसऱ्याविषयी काय ठाऊक आहे? आणि हा खेळ उद्या पुन्हा होणार आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की, माणसे अशी का वागतात हे बहुतेक उमगते. आणि उमगले की शिव्या देण्याचे काम कमी होऊन नियम बदलण्याचे काम सुरू होते. आपल्या भागात आपण भांडणाचे खापर स्वभावावर फोडतो. अमुक गावचे लोकच तसे, तमुक भावकीच तशी, असे म्हणतो. हिवरे बाजारची माणसे १९८९ पूर्वी निराळ्या मातीची नव्हती. त्यांचा खेळ बदलला.

२०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा, आणि त्यांनी ठिकठिकाणी बांधलेल्या विहिरी, बारवा व घाट आजही दाखविले जातात. बारव ही सर्वांची असे. तिच्या पायऱ्या उतरताना पाणी किती उरले ते प्रत्येकाला डोळ्यांनी दिसे. नळीसारख्या बोअरमध्ये ते दिसत नाही. साठा डोळ्यांआड गेला आणि शेजाऱ्याविषयीचा भरवसाही त्याच्याबरोबर खाली गेला. पाण्याचा जमाखर्च मांडणारी ग्रामसभा दुसरे काही करीत नाही, ती बारवेच्या पायऱ्या पुन्हा बांधते.

आज रात्री घरी जाताना पलीकडच्या शेतात यंत्राची घरघर ऐकू आली, तर विद्यार्थ्याने दोन गोष्टी कराव्या. प्रथम चौकट मांडून पाहावी, म्हणजे शेजाऱ्याचा राग निवेल. आणि मग सकाळी उठून त्या शेजाऱ्याकडे जाऊन विचारावे, ‘तात्या, पुढल्या पावसाळ्यानंतर पाण्याचा हिशेब आपण सर्वांनी मिळून मांडायचा का?’ परीक्षेत या प्रश्नाला गुण नाहीत. विहिरीला मात्र त्यानेच पाणी राहील.